मोरबाथचे चर्च आणि त्याचा जमाखर्च : सोळाव्या शतकातील एका इंग्रज खेड्याचा वृत्तान्त

१

इंग्लंडच्या ग्रामीण भागात जवळजवळ प्रत्येक खेड्यात एक जुने दगडी चर्च आढळते. मध्ययुगाच्या अखेरीस त्या देशात सुमारे ९,००० धर्मग्राम होते. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या व एका धर्मगुरूच्या अधिकाराखालील वस्ती. अशा चर्चचा इतिहास लिहिण्याची रूढ पद्धती वास्तूवरून निघते. कमानींचा आकार, खिडक्यांची दगडी जाळी, मनोऱ्याची बांधणी यांवरून निरनिराळ्या भागांचा काळ ठरविला जातो आणि त्यांचा क्रम लावला की इतिहास पूर्ण झाला असे मानले जाते. ही पद्धती उपयुक्त आहे. तथापि तीत एक मोठी उणीव राहते. ज्या लोकांनी ती वास्तू उभारली, सांभाळली आणि प्रसंगी स्वतःच्या हातांनी उघडीबोडकी केली, त्या लोकांचा वृत्तान्त भिंतींवरून कळत नाही.

ही उणीव काही ठिकाणी चर्चच्या जमाखर्चाने भरून निघते. असे जमाखर्च इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी उपलब्ध आहेत; परंतु डेव्हन परगण्यातील मोरबाथ ह्या खेड्याच्या जमाखर्चास त्यांत विशेष स्थान आहे. १५२० ते १५७३ ह्या काळातील ह्या नोंदी एकाच व्यक्तीच्या हातच्या असून, त्या काळात इंग्लंडचा राजधर्म चार वेळा पालटला. एवढी मोठी उलथापालथ एका लहान वस्तीत कशी उतरली, हे पाहण्याचे साधन म्हणून ह्या नोंदींचे मोल फार आहे. मोरबाथच्या चर्चचा प्रस्तुत वृत्तान्त मुख्यतः ह्याच साधनावर आधारलेला आहे.

२

मोरबाथ हे खेडे डेव्हनच्या उत्तर सीमेजवळ, एक्समूर नावाच्या माळरानाच्या दक्षिण कडेस, बॅम्प्टन ह्या बाजारपेठेच्या गावाजवळ वसलेले आहे. सोळाव्या शतकात तेथे ३३ घरे आणि सुमारे १५० माणसे होती. जमीन डोंगराळ व हवा ओलसर असल्यामुळे मेंढपाळी हाच मुख्य व्यवसाय होता. गावात कोणी मोठा सरदार राहत नव्हता. मॅनॉरचे, म्हणजे जमीनदारीचे, हक्क जवळच्या सॉमरसेट परगण्यातील बार्लिंच येथील मठाकडे होते.

चर्च संत जॉर्ज ह्यांच्या नावाचे आहे. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापासून असा दंडक रूढ झाला होता की, वेदीगृहाची दुरुस्ती दशांश घेणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याने करावी आणि सभामंडपाची जबाबदारी धर्मग्रामातील लोकांनी उचलावी. हा दंडक वरवर पाहता केवळ दुरुस्तीच्या खर्चाविषयीचा वाटतो. परंतु त्याचे सामाजिक परिणाम दूरगामी झाले. सभामंडप सांभाळावयाचा म्हणजे पैसा उभारला पाहिजे. पैसा उभारावयाचा म्हणजे कारभारी नेमले पाहिजेत. आणि कारभारी नेमले म्हणजे त्यांचा हिशेब सर्वांसमक्ष तपासला पाहिजे. ह्याप्रमाणे चर्चच्या छपराखाली खेड्याची स्वतःची एक कारभारव्यवस्था निर्माण झाली. चर्चवॉर्डन ह्या पदाचा उगम येथेच आहे.

मोरबाथमध्ये मुख्य कारभाऱ्याचे पद पाळीपाळीने घराघरांत फिरत असे. पद घरास लागू असल्यामुळे घराची सत्ता विधवेकडे असल्यास तीही कारभारी होत असे. त्यांच्या जोडीला गावातील वडीलधाऱ्यांचे एक लहान मंडळ असून नोंदींत त्याचा उल्लेख कधी ‘चार माणसे’, तर कधी ‘पाच माणसे’ असा येतो. मोठ्या खर्चाचे व तंट्याचे निर्णय हे मंडळ करीत असे.

३

१५२० साली सर ख्रिस्तोफर ट्रिकी हा धर्मगुरू मोरबाथचा व्हिकर म्हणून आला आणि १५७४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ५४ वर्षे, त्याच पदावर राहिला. त्याच्या नावामागील ‘सर’ ही पदवी सरदारकीची नसून, विद्यापीठाची पदवी नसलेल्या धर्मगुरूंना त्या काळी आदराने लावली जाणारी उपाधी होती. ‘व्हिकर’ ह्या शब्दाचाही अर्थ ध्यानात घेणे अवश्य आहे. जेथे धान्याचा मोठा दशांश एखाद्या मठाकडे जात असे, तेथे प्रत्यक्ष धर्मकृत्ये करणाऱ्या प्रतिनिधीस व्हिकर म्हणत व लहान दशांशावर त्याचा निर्वाह चाले. ट्रिकी हा डेव्हनमधलाच, शेतकरी वर्गातून आलेला मनुष्य होता. आपल्या लोकांहून तो फारसा वेगळा नव्हता. त्याला लिहिता येत होते, एवढाच मोठा फरक.

हिशेब कारभाऱ्यांचे असले तरी लेखन ट्रिकीचेच आहे. प्रत्येक वर्षी तो कारभाऱ्यांच्या वतीने जमा व खर्च मांडून ठेवी आणि मग तो हिशेब जमलेल्या लोकांपुढे मोठ्याने वाचला जाई. ह्यामुळे नोंदींना बोलीचे वळण आले आहे. कोणी काय दिले, कोणी काय द्यावयाचे राहिले, कोणाच्या कळपातील मेंढी मेली, कोणी चर्चसाठी दिवसभर मोफत काम केले, हे सर्व तो नावानिशी सांगतो. मध्येच एखाद्याची प्रशंसा करतो, एखाद्यास टोचतो, कोठे लॅटिनचा तुकडा घालतो. पाउंड, शिलिंग व पेन्स (एका पाउंडाचे २० शिलिंग व एका शिलिंगाचे १२ पेन्स) यांच्या रकान्यांभोवती अशा रीतीने एका वस्तीचे सार्वजनिक संभाषण साठून राहिले आहे.

हे हस्तलिखित १९०४ मध्ये बिनी ह्यांच्या संपादनाखाली प्रथम छापले गेले. त्यानंतर अनेक अभ्यासकांनी त्यातून सुटी उदाहरणे घेतली. परंतु संपूर्ण वहीचा सलग अन्वयार्थ लावण्याचे कार्य केंब्रिजचे इतिहासकार इमन डफी ह्यांनी केले. त्यांचा ग्रंथ २००१ साली येल विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्यांनी मूळ हस्तलिखित पुन्हा वाचले आणि त्यामुळे एका महत्त्वाच्या नोंदीचा अर्थ पालटला. त्याचा विचार पुढे येईल.

४

१५२० ते १५३५ ह्या काळातील नोंदी वाचताना प्रथम लक्ष वेधून घेते ती ‘स्टोअर’ नावाची व्यवस्था. मराठीत तिला ‘भांडार’ म्हणता येईल. चर्चमध्ये अनेक संतांच्या मूर्ती होत्या आणि त्यांपैकी काहींसमोर मेणबत्ती तेवत ठेवण्यासाठी स्वतंत्र निधी असे. हा निधी म्हणजे भांडार. मरियेचे भांडार, संत जॉर्जचे, संत अँथनीचे, तरुणांचे, कुमारिकांचे, अशी अनेक भांडारे होती. प्रत्येकाचे कारभारी वेगळे व हिशेबही वेगळा.

ह्या भांडारांचे भांडवल बहुधा मेंढ्यांच्या रूपात असे. काही भांडारांच्या मेंढ्या गावातील शेतकऱ्यांच्या कळपांत एकेक-दोनदोन करून वाटून दिलेल्या असत. शेतकऱ्याने त्या आपल्या मेंढ्यांबरोबर चाराव्यात आणि लोकर व कोकरे यांचे उत्पन्न भांडारास मिळावे, अशी रीत होती. ह्यामुळे गावातील घरे एका सामाईक जबाबदारीत गुंतलेली राहत. कोणी मृत्युपत्राने मेंढी ठेवी, कोणी मधमाश्यांचे पोळे देई. कारण मधमाश्यांपासून मेणबत्तीसाठी मेण मिळे. चर्चच्या शेजारी चर्चगृह नावाची एक सार्वजनिक इमारत होती. तेथे वर्षातून ठराविक वेळी ‘एल’ नावाचे धान्यमद्य गाळून ग्रामभोजन होई आणि त्याची प्राप्ती चर्चला मिळे. मुख्य कारभाऱ्यांच्या व तरुणांच्या जमेचा मोठा भाग ह्या उत्सवांतून येत असे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. ह्या व्यवस्थेत पदे पुष्कळ होती आणि माणसे थोडी होती. ३३ घरांच्या वस्तीत दरवर्षी इतके कारभारी निवडावयाचे म्हणजे तरुण मुलगे, अविवाहित मुली, गरीब कुळे व विधवा यांनाही केव्हा ना केव्हा हिशेब देण्यासाठी उभे राहावे लागे. धर्माचरणाबरोबरच सार्वजनिक कारभाराचे हे शिक्षण होते आणि ते वयाच्या प्रारंभापासून मिळत असे.

ट्रिकीने येताच ह्या व्यवस्थेत एक भर घातली. एक्झिटर शहराची स्थानिक संत सिडवेल हिच्यावर त्याची विशेष श्रद्धा होती. सिडवेल ही सॅक्सन काळातील कुमारिका असून कापणी करणाऱ्या माणसांनी तिचा वध केला अशी कथा आहे. ट्रिकीने तिची मूर्ती मोरबाथच्या चर्चमध्ये बसविली. प्रारंभी लोकांस अपरिचित असलेली ही संत काही वर्षांतच त्यांची आवडती झाली. तिला वाहिलेल्या चांदीच्या वस्तूंपासून तिच्या मूर्तीसाठी चांदीचा जोडा घडविण्यात आला आणि गावातील मुलींना सिडवेल हे नाव ठेवले जाऊ लागले.

१५३४ मध्ये रात्री चोराने चर्चमध्ये शिरून पवित्र चषक व सिडवेलचा तो चांदीचा जोडा पळविला. चषकावाचून मिस्सा होणे अशक्य. त्या वेळी गावातील तरुणांनी व कुमारिकांनी आपसांत वर्गणी जमविली आणि धर्मग्रामावर भार न टाकता नवा चषक आणला. ट्रिकीने ही नोंद उघड अभिमानाने केली आहे.

तथापि ह्यावरून मोरबाथ हे कलहरहित खेडे होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. चर्चच्या कारकुनाचे वेतन प्रत्येक घराने थोडे पैसे व थोडे धान्य देऊन भागवावयाचे होते. काही घरांनी आपला वाटा नाकारल्यामुळे १५३० नंतरच्या दशकात दीर्घकाळ तंटा चालला आणि १५३६ मध्ये तो मिटल्यावर झालेला करार वहीत सविस्तर लिहून ठेवण्यात आला. एकोपा हे त्या समाजाचे ध्येय होते. तो सहज लाभत नसल्यामुळेच पुनःपुन्हा वाटाघाटी करून साधावा लागे. जमाखर्चाचे जाहीर वाचन हे अशा वाटाघाटींचे एक साधन होते.

५

१५३४ मध्ये आठव्या हेन्रीने रोमच्या पोपची सत्ता झुगारून स्वतःस इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख घोषित केले. ह्या घटनेचा प्रत्यक्ष पडसाद मोरबाथच्या नोंदींत तत्काळ उमटत नाही. पहिला दृश्य परिणाम मठांच्या विसर्जनातून आला. बार्लिंचचा मठ बंद झाला आणि १५३७ मध्ये त्याच्या चर्चमधील एक काचेची खिडकी, तिच्या लोखंडी व दगडी चौकटीसह, ह्यू पॉलेट ह्यांनी मोरबाथच्या चर्चला दिली. ती काढून आणण्याचा व बसविण्याचा खर्च गावाने केला. शेजारचे धर्मस्थान मोडले गेले आणि त्याचा एक तुकडा आपल्या चर्चला शोभा देऊ लागला, ह्या व्यवहारातील विसंगती त्या वेळी किती जणांस जाणवली असेल, ते नोंदींत नाही. त्यांच्या दृष्टीने चर्चला एक चांगली खिडकी मिळाली होती.

१५३८ च्या राजाज्ञांचा आघात मात्र थेट होता. टॉमस क्रॉमवेलने काढलेल्या ह्या आज्ञांनी प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवणे आणि इंग्रजी बायबल आणणे बंधनकारक केले. त्याचबरोबर संतांच्या मूर्तींपुढे दिवे लावण्यास मनाई केली. वेदीवरील, मोठ्या क्रूसासमोरील व ईस्टरच्या कबरप्रतीकासमोरील दिवे तेवढे वगळण्यात आले. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हा पूजाविधीतील एक मर्यादित फेरफार होता. मोरबाथमध्ये त्याचा अर्थ निराळा झाला. भांडारांचे प्रयोजनच मूर्तीपुढील दिव्याचे होते. दिवा विझला की भांडारास कारण उरत नाही, भांडार गेले की त्याचे कारभारीपद जाते आणि कारभारीपद गेले की त्या निमित्ताने होणारी निवड, मेंढ्यांची वाटणी व हिशेबाचे वाचनही थांबते. पुढील काही वर्षांत एकेक भांडार बंद पडले किंवा मुख्य निधीत विलीन झाले. तरुणांची व कुमारिकांची भांडारेही ह्याच ओघात नाहीशी झाली. चार वर्षांपूर्वी ज्यांनी चषक आणला होता, त्यांचे चर्चच्या कारभारातील स्वतंत्र स्थान अशा प्रकारे संपले.

जानेवारी १५४७ मध्ये हेन्री मृत्यू पावला आणि सहावा एडवर्ड हा बालराजा गादीवर आला. त्याच्या सल्लागारांनी सुधारणेचा वेग वाढविला. मूर्ती काढून टाकण्याच्या आज्ञा निघाल्या. मृतांच्या आत्म्यांसाठी ठेवलेले निधी जप्त झाले. मोरबाथमध्ये चर्चच्या मेंढ्या विकण्यात आल्या, ग्रामभोजने बंद पडली, चर्चगृहातील भांडीकुंडी विकून ते भाड्याने देण्यात आले. १५४८ मध्ये मुख्य कारभारी ल्यूसी सीली ही स्त्री होती. तिच्या कारकीर्दीत चर्चची मालमत्ता विकली गेली आणि चर्चला काहीही न मिळता चर्चमधून सर्व काही जातच राहिले, अशा आशयाची नोंद ट्रिकीने केली आहे. पूर्वीच्या वर्षांत देणग्यांच्या याद्यांनी पाने भरत. ह्या काळात नोंदी त्रोटक होतात व देणगीदारांची नावे येईनाशी होतात.

ह्याच संदर्भात काळ्या वस्त्रांची हकीकत महत्त्वाची आहे. मृतांसाठीच्या मिस्सेच्या वेळी धर्मगुरूने काळी वस्त्रे परिधान करावयाची असत. मोरबाथच्या चर्चकडे योग्य वस्त्रे नसल्यामुळे ट्रिकीने चर्चच्या मेंढ्यांच्या लोकरीवरील आपला दशांश सोडून देऊन त्यासाठी निधी जमविण्यास प्रारंभ केला. जवळजवळ वीस वर्षे तो निधी थोडाथोडा वाढत गेला आणि १५४७ मध्ये ती वस्त्रे अखेर खरेदी करण्यात आली. दोन वर्षांच्या आतच ज्या विधीसाठी ती आणली होती तो विधीच कायद्याने रद्द झाला. राज्यकर्त्यांच्या आज्ञापत्रांत अशा गोष्टींस स्थान नसते. खेड्याच्या जमाखर्चात ती वीस वर्षांची बचत म्हणून दिसते.

६

९ जून १५४९ पासून सर्व चर्चमध्ये लॅटिन मिस्सेऐवजी इंग्रजी प्रार्थनापुस्तक वापरण्याचा कायदा अमलात आला. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधील सॅम्पफर्ड कोर्टनी ह्या गावी लोकांनी आपल्या धर्मगुरूस जुन्या पद्धतीनेच मिस्सा करावयास लावले आणि तेथून उठावास तोंड लागले. कॉर्नवॉलमधील बंडखोर येऊन मिळाले. लॅटिन मिस्सा, मूर्ती व हेन्रीच्या काळचे धर्मविषयक कायदे पुन्हा चालू करावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. २ जुलैपासून त्यांनी एक्झिटर शहरास वेढा घातला. ६ ऑगस्ट रोजी लॉर्ड रसेल ह्याच्या नेतृत्वाखालील राजसैन्याने वेढा उठविला. त्यापूर्वीच्या व त्यानंतरच्या लढायांत बंडखोरांची मोठी कत्तल झाली.

मोरबाथपासून एक्झिटर सुमारे वीस-पंचवीस मैल अंतरावर आहे. त्या वर्षीच्या हिशेबात पाच तरुणांना छावणीवर पाठविताना केलेल्या खर्चाची नोंद आहे. हर्ली नावाच्या तरुणास निघताना ६ शिलिंग ८ पेन्स देण्यात आले. तलवारी, धनुष्ये व बाण यांचाही खर्च लिहिलेला आहे. हे तरुण कोणत्या पक्षाकडून लढण्यास गेले? १९०४ च्या मुद्रित आवृत्तीत छावणीचे स्थलनाम नीट वाचले गेले नव्हते. त्यामुळे सरकारी सैन्यासाठी केलेल्या नेहमीच्या भरतीची ही नोंद असावी, असे समजण्यास वाव राहिला. डफी ह्यांनी मूळ हस्तलिखितावरून ते नाव ‘सेंट डेव्हिड्स डाउन’ असे वाचले. ही टेकडी एक्झिटरच्या तटाबाहेर असून वेढ्याच्या काळात तेथे बंडखोरांची छावणी होती. हे वाचन स्वीकारले की अर्थ स्पष्ट होतो : मोरबाथच्या लोकांनी आपले पाच तरुण राजाविरुद्धच्या उठावात पाठविले आणि त्यांचा खर्च चर्चच्या अधिकृत हिशेबात, नेहमीच्या दुरुस्तीच्या खर्चाप्रमाणे, नोंदविला.

संशोधनपद्धतीच्या दृष्टीने हे उदाहरण बोधप्रद आहे. एका स्थलनामाच्या वाचनावर एका गावाच्या राजनिष्ठेचा निर्णय अवलंबून होता. मुद्रित साधन कितीही सोयीचे असले, तरी वादाच्या ठिकाणी हस्तलिखिताकडे परतणे किती आवश्यक असते, हे त्यावरून दिसून येते. दुसरी गोष्ट अशी की, हा खर्च एका व्यक्तीने लपूनछपून केलेला नव्हता. हिशेब सर्वांसमक्ष वाचला जाई. म्हणजे पाच तरुणांची पाठवणी ही त्या ३३ घरांची सामुदायिक कृती होती. मोरबाथ हे एरवी आज्ञाधारक खेडे होते. १५३८ ची आज्ञा त्याने पाळली, १५४७ चीही पाळली. असे खेडे शस्त्र घेण्यास सिद्ध झाले, ह्यावरून त्याची सहनशीलता कोठे संपली ते कळते.

७

उठाव चिरडला गेल्यानंतर प्रतिकाराचा मार्ग उरला नाही. दगडी वेद्या काढून त्यांच्या जागी लाकडी मेज ठेवण्याची आज्ञा १५५० मध्ये झाली. १५५१ मध्ये बायबलचा भाषांतरकार माइल्स कव्हरडेल हा एक्झिटरचा बिशप झाला. १५५३ मध्ये चर्चमधील मौल्यवान वस्तू राजाच्या नावे जप्त करण्यात येऊ लागल्या. मोरबाथचे चर्च आता मूर्ती, दिवे, वेदी व निधी यांपैकी कशाहीवाचून उभे होते.

जुलै १५५३ मध्ये एडवर्ड मरण पावला आणि त्याची कॅथलिक भगिनी मेरी राणी झाली. जुने विधी पुन्हा सुरू झाले. ह्या काळातील मोरबाथच्या नोंदींत एक अत्यंत अर्थपूर्ण भाग आहे. नष्ट झाल्या असे समजल्या गेलेल्या वस्तू लोकांच्या घरांतून परत येऊ लागल्या. लॉइटन येथील मोर्स ह्याने मरियेची मूर्ती आणि संत जॉर्जच्या देखाव्यातील राजा व राणी यांच्या आकृती आणून दिल्या; हर्ली ह्याने योहानाची मूर्ती आणली; इतरांनी पुस्तके व क्रूसमंचाचे भाग परत केले. वर्षानुवर्षे ह्या वस्तू धोका पत्करून लपविलेल्या होत्या. ट्रिकीने त्यांचा गौरव निष्ठावंत ख्रिस्ती जन म्हणून केला आहे. मागील राजवटीत चर्च कसे सतत क्षीण होत गेले व आता ते कसे सावरत आहे, ह्याचा एक आढावाही त्याने लिहिला. मात्र जुनी भांडारव्यवस्था पूर्वीच्या स्वरूपात पुन्हा उभी राहिली नाही. मूर्ती परत आणता आल्या. पदे, मेंढ्या व सवयी यांचे विणलेले जाळे थोड्या वर्षांत पुन्हा विणता आले नाही.

नोव्हेंबर १५५८ मध्ये मेरीचा मृत्यू झाला. १५५९ च्या कायद्याने एलिझाबेथने इंग्रजी प्रार्थनापुस्तक पुन्हा लागू केले आणि १५६१ मध्ये क्रूसमंच उतरविण्याची आज्ञा निघाली. ट्रिकी आता वृद्धत्वाकडे झुकला होता. त्याने नवी व्यवस्था स्वीकारली व पदावर राहिला. १५७३ पर्यंतचे हिशेब त्याच्याच हातचे आहेत. त्यांत नव्या धर्मपुस्तकांची खरेदी आहे. त्याचबरोबर पूल, तुरुंग, शस्त्रे, सैनिक अशा राज्याने लादलेल्या खर्चाच्या बाबीही वाढत गेलेल्या दिसतात. धर्मग्राम हळूहळू राज्यकारभाराचा सर्वांत खालचा घटक बनत चालला होता. गरिबांच्या पोषणाची जबाबदारी धर्मग्रामांवर टाकणारा १६०१ चा कायदा हा ह्याच प्रवाहाचा पुढील टप्पा होय.

८

इंग्लंडमधील धर्मसुधारणेविषयी विसाव्या शतकात मोठा वाद झाला. ए. जी. डिकन्स ह्यांनी १९६४ मधील आपल्या ग्रंथात असे मांडले की, जुने चर्च लोकांच्या मनातून आधीच उतरले होते आणि सुधारणेस खालून बळ मिळाले. जे. जे. स्कॅरिसब्रिक ह्यांनी १९८४ मध्ये, व डफी ह्यांनी १९९२ मधील आपल्या बृहद्ग्रंथात, ह्याच्या उलट बाजू मांडली : जुना धर्म जिवंत व लोकप्रिय होता आणि परिवर्तन वरून लादले गेले. मोरबाथचा पुरावा उघडच दुसऱ्या मतास पोषक आहे.

तथापि ह्या पुराव्याच्या मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. मोरबाथ हे व्यापारी मार्गांपासून दूर असलेले खेडे होते. लंडनमध्ये व पूर्वेकडील काही परगण्यांत नव्या मताचे उत्साही अनुयायी होते. त्यांच्याविषयी मोरबाथवरून अनुमान करता येत नाही. शिवाय सर्व नोंदी एकाच माणसाच्या आहेत आणि तो स्वतः जुन्या पद्धतीचा कट्टर अभिमानी होता. गावातील इतरांचे म्हणणे त्याच्या शब्दांतूनच ऐकू येते. जमाखर्च पैसा कोठून आला व कोठे गेला ते सांगतो; कोणाच्या मनात काय होते ते सांगणे हे त्याचे कार्य नव्हे.

ह्या मर्यादा लक्षात घेऊनही दोन निष्कर्ष दृढ ठरतात. पहिला असा की, आज्ञापालन म्हणजे संमती नव्हे. मोरबाथने जवळजवळ प्रत्येक आज्ञा पाळली. केवळ आज्ञापालनाचा पुरावा पाहणाऱ्यास तेथे सुधारणा सुरळीत झाली असे वाटेल. पाच तरुणांचा खर्च आणि घराघरांत लपविलेल्या मूर्ती यांवरून त्या पालनामागील मनःस्थिती प्रकट होते. त्याचबरोबर ट्रिकीचे अखेरपर्यंत पदावर राहणे हेही केवळ संधिसाधूपणा म्हणून सोडून देता येत नाही. तो गेला असता तर त्या लोकांसाठी आलेला धर्मगुरू परका असता. आपले लोक व आपले चर्च यांच्याशी असलेला संबंध त्याने मताहून श्रेष्ठ मानला, असा अर्थ लावण्यास त्याच्या नोंदींतून पुरेसा आधार मिळतो.

दुसरा निष्कर्ष असा की, धर्मसुधारणेने खेड्यातील पूजाविधीइतकीच त्याची स्वयंकारभाराची रचनाही बदलली. दिव्याविषयीच्या एका आज्ञेने मुलींचे कारभारीपद गेले, हे राजधानीतील आज्ञाकर्त्यांच्या ध्यानीमनीही नसावे. धर्मविषयक कायद्यांचे परिणाम तपासताना त्यांचे शब्द पुरेसे नसतात. ते कोणत्या व्यवस्थेवर जाऊन आदळले हे पाहणे आवश्यक असते.

मोरबाथचे चर्च आजही उभे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वास्तुविशारद बटरफील्ड ह्यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. मनोऱ्यावरील दुपाखी छप्पर त्यांच्याच काळचे. आत शिरणाऱ्यास सिडवेलची मूर्ती दिसत नाही, मेणबत्त्यांच्या जागा दिसत नाहीत. वास्तूवरून इतिहास लिहिणाऱ्यास येथे मध्ययुगाचे अवशेष थोडेच मिळतील. चर्चचा सोळाव्या शतकातील इतिहास एक्झिटरच्या अभिलेखागारात जतन केलेल्या त्या वहीत आहे. आणि तो उपलब्ध होण्याचे कारण इतकेच की, एका खेड्यातील लोकांनी आपल्या पैशाचा हिशेब दरवर्षी सर्वांसमक्ष द्यावा असा आग्रह धरला, व तो लिहून ठेवणारा मनुष्य त्यांना ५४ वर्षे लाभला.